एका पेनीतला प्रेक्षक: एलिझाबेथकालीन नाटकं बघायला कोण यायचं आणि त्यांना काय दिसायचं?

तिसरी_घंटा

इंग्रजी साहित्य घेऊन पदवी घेतलेल्या कुणालाही ग्लोब थिएटरबद्दल, म्हणजे शेक्सपिअरची नाटकं होत त्या लंडनच्या नाट्यगृहाबद्दल विचारा, ठरलेलं उत्तर येतं. मधल्या उघड्या अंगणात घामट, बिअर प्यायलेली, अक्रोड-बदाम फोडणारी गर्दी. तिला कवितेतलं काडीचं कळत नाही, म्हणून शेक्सपिअरने तिच्यासाठी तलवारबाजी आणि पाचकळ विनोद घातले. वरच्या गॅलरीत बसलेले शहाणे लोक, स्वगतं त्यांच्यासाठी. आमच्या गाईडमध्येही हेच होतं आणि परीक्षेत याला पाच मार्क मिळायचे.

मला हे चित्र पटत नाही, कारण त्याचे साक्षीदार कोण आहेत ते बघा.

पहिला साक्षीदार हॅम्लेट. अंगणात उभ्या असलेल्यांना मूकनाट्य आणि गोंगाट यापलीकडे काही समजत नाही, असं तो नटांना सुनावतो. पण हा बोलणारा कोण? विटेनबर्गला शिकून आलेला राजपुत्र. आणि बोलतो कुठे? त्याच अंगणात, त्याच लोकांच्या नाकासमोर, ज्यांनी पेनी मोजून त्याचं ऐकायला गर्दी केलीय. हे वाक्य टाकल्यावर पिटातून काय दाद आली असेल याची कल्पना करा. मला तरी ती शिवी वाटत नाही, नटाने प्रेक्षकाला काढलेला चिमटा वाटतो.

दुसरा साक्षीदार स्टीफन गॉसन. १५७९ साली याने नाटकांविरुद्ध पुस्तक लिहिलं. स्वतः आधी नाटकं लिहायचा, मग उपरती झाली. तिसरा फिलिप स्टब्ज, १५८३. चौथे लंडनचे लॉर्ड मेयर, ज्यांची पत्रांमागून पत्रं जायची की नाटकांमुळे पोरं कामावरून पळतात, चोर जमतात, प्लेग पसरतो. म्हणजे ज्यांना नाटकं बंदच पाडायची होती, त्यांची साक्ष आपण चारशे वर्षं पुरावा म्हणून वापरतोय.

आता ज्यांनी खरोखर नाटक पाहिलं आणि लिहून ठेवलं, त्यांचं बघू. असे लोक हाताच्या बोटांवर मोजण्याइतके आहेत. माझे आवडते चौघे.

थॉमस प्लॅटर, स्वित्झर्लंडमधल्या बाझेलचा. २१ सप्टेंबर १५९९ रोजी दुपारी दोनच्या सुमारास नदी ओलांडून गेला आणि गवताने शाकारलेल्या घरात ज्युलियस सीझरचं नाटक पाहिलं. सीझरच्या खुनाबद्दल, अँटनीच्या भाषणाबद्दल अवाक्षर नाही! लिहिलंय काय, तर साधारण पंधरा पात्रं होती, काम उत्तम झालं आणि शेवटी दोघे पुरुषवेषात, दोघे स्त्रीवेषात फार सुंदर नाचले. शोकांतिकेनंतर नाच, हा त्या काळचा रिवाजच होता.

जॉन मॅनिंगहॅम, कायद्याचा विद्यार्थी. २ फेब्रुवारी १६०२ रोजी मिडल टेंपल या वकिलांच्या संस्थेच्या मेजवानीत त्याने 'ट्वेल्फ्थ नाइट' पाहिलं. त्याला आवडलं ते मॅल्व्होलिओला खोटं पत्र लिहून फसवणं. व्हायोला, ऑर्सिनो, जुळी भावंडं, सगळ्यावर एका वाक्यात बोळवण. गंमत म्हणजे ऑलिव्हियाला तो विधवा समजला. ती भावाच्या सुतकात आहे. काळे कपडे पाहिले आणि याने हिशेब केला.

हेन्री जॅक्सन, ऑक्सफर्डचा. १६१० मध्ये 'ऑथेल्लो' पाहून लॅटिनमध्ये पत्र लिहिलं. म्हणतो, डेस्डेमोना बोलत होती तोवर चांगलीच होती, पण मेल्यावर पलंगावर पडलेली असताना नुसत्या चेहऱ्याने तिने लोकांची कणव मागितली. डेस्डेमोना म्हणजे एक पोरगा होता हे त्याला माहीत आहे, तरी सगळीकडे 'ती'च लिहितो.

आणि सायमन फोरमन. ज्योतिषी, वैद्य, एक नंबरचा रंगेल. १५ मे १६११ रोजी ग्लोबमध्ये 'द विंटर्स टेल' पाहिलं. नाटकाच्या शेवटी सोळा वर्षं मेलेली समजलेली राणी पुतळ्यातून जिवंत होते. आजचा प्रेक्षक या जागी डोळे पुसतो. फोरमनच्या टिपणात पुतळ्याचा उल्लेखच नाही! त्याला लक्षात राहिला तो ऑटोलायकस नावाचा भामटा. टिपणाच्या शेवटी स्वतःला ताकीद देतो की भिकाऱ्याचं सोंग घेणाऱ्यांवर आणि लाळघोट्यांवर विश्वास ठेवू नये.

हे चौघेही शिकलेले, गाईडमधल्या वाटणीप्रमाणे 'वरच्या गॅलरीतले'. आणि लक्षात काय राहिलं? नाच, फजिती, प्रेताचा चेहरा, खिसेकापू. तर मग पिटासाठी तमाशा आणि गॅलरीसाठी काव्य ही वाटणी आली कुठून?

चर्चा करू या. नाटकांबरोबर त्या काळच्या कवितेबद्दलही कुणी लिहिलं तर उत्तम.

—

खारी_बिस्किट

मस्त धागा. वाचतेय. फोरमन तर एकदम आमच्या सोसायटीतले काका वाटले. :)

—

हिशेबनीस

लेख आवडला. थोडी पैशाची बाजू, कारण त्यावाचून हा धंदा कळणार नाही.

अंगणात उभं राहायला एक पेनी. आणखी एक दिली की गॅलरीत बाकड्यावर बसायला मिळे, तिसरी दिली की उशी आणि चांगली जागा. हे प्लॅटरनेच लिहून ठेवलंय. त्या काळी लंडनमधल्या कुशल कारागिराची दिवसाची कमाई शिलिंगभर, म्हणजे १२ पेन्सच्या आसपास. छापील नाटकाची पातळ प्रत सहा पेन्सला. वाचण्यापेक्षा सहा वेळा उभं राहून बघणं परवडायचं.

आता फिलिप हेन्स्लोची वही. हा रोझ थिएटरचा मालक, मुळात व्यापारी माणूस. पैसे उसने देई, घरं भाड्याने देई, अस्वलांच्या झुंजींच्या धंद्यातही होता. १५९२ पासून त्याने रोजच्या खेळाला आपल्या वाट्याला किती आले ते लिहून ठेवलंय. ३ मार्च १५९२ ला 'हॅरी द सिक्स्थ' नावाच्या नाटकाखाली ३ पौंड १६ शिलिंग ८ पेन्स, त्या हंगामातला मोठा गल्ला. बहुतेक अभ्यासक हे शेक्सपिअरच्या 'सहाव्या हेन्री'चा पहिला भाग मानतात. त्याच वर्षी थॉमस नॅशने लिहिलं की दोनशे वर्षं थडग्यात पडलेल्या शूर टॅलबटला (या नाटकातला इंग्रज सेनापती) किमान दहा हजार प्रेक्षकांच्या आसवांनी पुन्हा भिजवलं. दहा हजार म्हणजे सगळे खेळ मिळून. आता या हजारोंपैकी किती जण गॅलरीतले शहाणे होते? रडलं ते अंगणच.

खर्चाची बाजू अजून बोलकी आहे. १६०३ मध्ये थॉमस हेवूडला 'अ वूमन किल्ड विथ काइंडनेस' लिहिण्याचे मिळाले ६ पौंड. नायिकेच्या काळ्या मखमली झग्याला पडले ६ पौंड १३ शिलिंग. लेखकापेक्षा झगा महाग! नाटक मंडळीचं खरं भांडवल पेटाऱ्यातल्या कपड्यांत असायचं, संहितेत नव्हे. उमराव मेला की त्याचे कपडे नोकरांना जात, नोकरांना ते अंगावर घालायची सोय नसे, मग ते नटांना विकत. हेही प्लॅटरनेच टिपलंय. म्हणजे पेनी देऊन उभ्या असलेल्या चांभाराच्या पोराला खऱ्या सरदाराचा खरा डगला चार हातांवरून बघायला मिळायचा.

—

शंकासुर

लेख वाचनीय आहे, पण तर्काला मोठं भोक आहे.

तुमचे चारही साक्षीदार लिहिता येणारे पुरुष. एक परदेशी प्रवासी, एक वकिलीचा विद्यार्थी, एक ऑक्सफर्डचा पंडित, एक ज्योतिषी. त्यातला मॅनिंगहॅम ग्लोबमध्ये नव्हताच, खासगी मेजवानीत होता. जॅक्सन ऑक्सफर्डमध्ये होता. यावरून फार तर इतकंच सिद्ध होतं की शिकलेल्यांनाही तमाशा आवडायचा. अंगणातल्यांना काव्य कळायचं हे कुठे सिद्ध झालं? त्यांची एक ओळही आपल्याकडे नाही.

शिवाय अंगणात कामकरी लोक होते हेसुद्धा गृहीत धरू नका. यावर अभ्यासकांचं जुनं भांडण आहे. आल्फ्रेड हार्बेजने १९४१ मध्ये मांडलं की प्रेक्षक मुख्यतः कारागीर, दुकानदार, शिकाऊ पोरं. म्हणजे लोकशाही गर्दी. अ‍ॅन जेनली कुकने १९८१ मध्ये ते उलटं केलं. दुपारी दोन वाजता, कामाच्या दिवशी, मोकळा कोण असतो? पैसेवाला. मग अँड्र्यू गरने दोघांच्या मधला रस्ता काढला. हिशेबनीस ज्या नॅशचा दाखला देतात, त्याच पुस्तकात नॅश दुपारचे रिकामटेकडे कोण ते सांगतो: दरबारी, वकिलीच्या वसतिगृहातले तरुण आणि लंडनमध्ये पडून असलेले कप्तान-शिपाई. चांभाराचं पोर त्या यादीत नाही.

—

तिसरी_घंटा

@शंकासुर, मुद्दा रास्त आहे. पण अंकगणित बघा. योहानस द विट नावाचा डच माणूस १५९६ च्या सुमारास स्वान थिएटर बघून गेला, त्याने तिथे तीन हजार माणसं मावतात असं लिहिलंय. त्याने काढलेल्या चित्राची मित्राने केलेली नक्कल हेच त्या काळच्या उघड्या थिएटरच्या आतलं एकमेव समकालीन चित्र. थोडी अतिशयोक्ती धरा. तरी एकाच वेळी दोन-तीन थिएटरं चालू, आठवड्यात सहा दिवस खेळ आणि गावाची वस्ती दोन लाखांच्या आसपास. एवढे रिकामटेकडे उमराव आणायचे कुठून?

आणि चांभाराचं पोर राहू द्या, टोप्या बनवणाऱ्यांची पोरं तरी नक्की होती. जून १५९२ मध्ये थेम्सपलीकडच्या सदर्कमध्ये दंगल झाली, तेव्हा लॉर्ड मेयरने वर लिहून कळवलं की नमदा-टोप्यांच्या धंद्यातली शिकाऊ मुलं नाटक बघायच्या निमित्ताने जमली होती. निमित्त म्हणून का होईना, ते पटण्यासारखं होतं म्हणूनच वापरलं ना? शिकाऊ पोरांचं थिएटरला जाणं ही रोजची गोष्ट असल्याशिवाय ही सबब कोण ऐकून घेईल?

—

खारी_बिस्किट

एक बाळबोध प्रश्न. शेक्सपिअरची नाटकं शेक्सपिअरने लिहिलीच नाहीत, कुणा अर्लने लिहिली, असा व्हिडिओ आला होता व्हॉट्सअ‍ॅपवर. त्याचं काय?

—

हिशेबनीस

तो अर्ल १६०४ मध्ये वारला. 'मॅक्बेथ', 'विंटर्स टेल', 'टेंपेस्ट' त्यानंतरची. स्वर्गातून पाठवली असतील तर माहीत नाही. कृपया हा धागा तिकडे नेऊ नका, परत येत नाही.

—

विंगेतून

हौशी रंगभूमीवर वीसेक वर्षं धडपडतोय, त्यामुळे नटाच्या बाजूने लिहितो.

१५९४-९५ च्या हंगामात अ‍ॅडमिरल्स मेन या मंडळीने ३८ नाटकं केली, त्यातली २१ नवी. रोज वेगळं नाटक! आज 'फॉस्टस', उद्या दुसरंच काही, परवा तिसरंच. आम्ही एका एकांकिकेला दोन महिने तालमी करतो आणि तरी प्रॉम्प्टर लागतो. हे जमायचं कसं? नटाला पूर्ण संहिता मिळतच नसे. कागदाची लांब गुंडाळी मिळे, तिच्यात फक्त आपली वाक्यं आणि आधीच्या माणसाच्या वाक्याचे शेवटचे दोन-तीन शब्द. मधे कोण किती बोलणार, काय बोलणार, काही कल्पना नाही. याच मंडळीचा मुख्य नट एडवर्ड अ‍ॅलिन, त्याची अशी एक गुंडाळी अजून शाबूत आहे, लंडनच्या डलिच कॉलेजात. 'ऑर्लांडो फ्युरिओसो'मधली भूमिका आहे ती.

आता हे डोक्यात ठेवून एखादा प्रवेश वाचा. समोरचा बोलतोय, तुम्हाला तुमचा क्यू ऐकायचाय, म्हणजे कान टवकारून समोरच्याचं खरंच ऐकावं लागणार. नट खरंच ऐकत असला की प्रेक्षकही ऐकतो, हे कुठल्याही रंगकर्म्याला विचारा.

दुसरं, बायकांच्या भूमिका करणारी मुलं. जॅक्सनचा दाखला वाचून अंगावर काटा आला. इंग्लंडच्या सार्वजनिक रंगभूमीवर बाई पहिल्यांदा उभी राहिली ती १६६० मध्ये आणि तीही डेस्डेमोना म्हणूनच! १६०८ मध्ये थॉमस कोरिएट नावाचा प्रवासी व्हेनिसला बायका काम करताना बघून चकित झाला होता. आपल्याला ही परंपरा समजावून सांगावी लागत नाही, ज्यांच्या आज्या बालगंधर्वांचं पातळ आणि अंबाडा बघून तसंच नेसायला जायच्या. पण एक फरक आहे. बालगंधर्व वयाने मोठे झाल्यावरही भामिनी, सिंधू करत राहिले. तिकडे आवाज फुटला की पोराचं स्त्री-भूमिकेचं आयुष्य संपलं. म्हणून लेडी मॅक्बेथ, क्लिओपात्रा या अशा भूमिका विशीच्या आतल्या मुलांना द्याव्या लागायच्या. आणि शेक्सपिअरचं धाडस बघा. क्लिओपात्रा मरायच्या आधी म्हणते की रोमला नेलं तर तिथल्या रंगमंचावर कुणी तरी चिरक्या आवाजाचं पोर माझं सोंग आणेल. हे म्हणतंय कोण? पोरच! त्या क्षणी प्रेक्षकाला नाटकातून बाहेर फेकायची सगळी तयारी आहे, तरी तो बाहेर पडत नाही. हा विश्वास असल्याशिवाय लेखक असली ओळ लिहीत नाही. शंकासुर, अंगणाला कळत होतं याचा मला तरी हा पुरावा वाटतो.

—

शंकासुर

लेखकाचा विश्वास म्हणजे प्रेक्षकाची समज नव्हे. तसं असतं तर प्रायोगिक नाटकं हाउसफुल्ल गेली असती.

—

विंगेतून

जखमेवर मीठ.

—

काव्यकणिका

धागाकर्त्यांनी कवितेबद्दल विचारलंय म्हणून.

एक गोष्ट आपण विसरतो. शेक्सपिअरच्या हयातीत 'लेखक' म्हणून त्याचं नाव पहिल्यांदा छापलं गेलं ते नाटकावर नाही, कवितेवर. १५९२-९४ मध्ये प्लेगमुळे थिएटरं बराच काळ बंद होती. त्या रिकाम्या दिवसांत १५९३ ला 'व्हीनस अँड अ‍ॅडोनिस' आणि पुढच्या वर्षी 'लुक्रीस', दोन्ही साउथहॅम्प्टनच्या अर्लला अर्पण. 'व्हीनस' तुफान खपली, आवृत्त्यांवर आवृत्त्या निघाल्या. विषय काय, तर प्रेमाने पेटलेली देवी एका लाजऱ्या पोराच्या मागे लागते आणि त्याला शिकारीत जास्त रस! तरुणांनी ती उशाखाली ठेवली यात नवल नाही.

केंब्रिजचा पंडित गेब्रियल हार्वी याने एका पुस्तकाच्या समासात टिपून ठेवलंय की तरुण पोरांना 'व्हीनस' फार आवडते, पण 'लुक्रीस' आणि 'हॅम्लेट' यांत शहाण्यांना रिझवण्याची ताकद आहे. लक्ष द्या, हार्वी इथे वाचकांची वाटणी करतोय ती वयाने आणि चवीने. कविता एका बाजूला आणि नाटक दुसऱ्या, असं तो करत नाही. 'हॅम्लेट'ला त्याने एका दीर्घकाव्याच्या पंगतीत बसवलं. सार्वजनिक थिएटरातल्या नाटकाला केंब्रिजच्या माणसाने दिलेला हा मोठा मान आहे.

सॉनेटांचा प्रेक्षक मात्र खरोखर वेगळा. सर फिलिप सिडनी १५८६ मध्ये झुटफेनच्या लढाईतल्या जखमेने गेला. त्याची १०८ सॉनेटं आणि सोबतची गाणी 'अ‍ॅस्ट्रोफेल अँड स्टेला' या नावाने १५९१ मध्ये कुणी तरी परस्पर छापली. तोवर ती हस्तलिखितात मित्रमंडळींत फिरत होती. कविता छापून विकणं खानदानी माणसाला कमीपणाचं वाटे. छापील आवृत्तीने मात्र सॉनेटांची साथच आली. पुढची पाच-सहा वर्षं जो तो चौदा ओळींत निष्ठुर प्रेयसीपुढे लोळण घेत होता. कवी स्पेन्सरने त्यात निराळं काय केलं? १५९५ च्या 'अमोरेत्ती'त ज्या बाईसाठी सॉनेटं लिहिली तिच्याशी सरळ लग्नच केलं आणि सोबत लग्नगीतही छापलं. ही गोष्ट मला फार आवडते. शेक्सपिअरची सॉनेटं १५९८ मध्ये खासगीत मित्रांत फिरत असल्याचं फ्रान्सिस मेरिस लिहितो. छापली गेली १६०९ ला, तोवर साथ ओसरली होती.

आता दोन्ही प्रेक्षक एकत्र येतात ती जागा म्हणजे 'रोमिओ अँड ज्युलिएट'. पहिल्या भेटीत दोघं मिळून जे बोलतात ते अख्खं सॉनेट आहे. चार ओळी त्याच्या, चार तिच्या, मग वाटून घेतलेल्या, आणि चौदावी संपताच चुंबन. सॉनेट वाचणाऱ्या वकिलीच्या पोराने ते ओळखलं असेल. अंगणातल्याने ओळखलं नसेल, पण यमकं एकमेकांना बिलगतायत हे कानाला कळायला साक्षर असावं लागत नाही. ओव्या आणि अभंग ऐकत मोठे झालेल्यांना हे मी काय सांगणार!

—

वाचाळ_वाचक

पात्रांबद्दल कुणीच बोलत नाही, म्हणून मी.

त्या काळच्या प्रेक्षकाचं सगळ्यात घट्ट नातं नायकाशी नाही, खलनायकाशी आहे. तिसरा रिचर्ड नाटक सुरू होताच एकटा येतो आणि आपला सगळा डाव प्रेक्षकांना सांगून टाकतो. 'ऑथेल्लो'तला इयागो तेच करतो. मार्लोच्या 'ज्यू ऑफ माल्टा'तला बाराबास तर सतत तोंड वळवून आपल्याशी कुजबुजतो. जुन्या नीतिनाट्यांत 'व्हाइस' नावाचं दुर्गुणाचं पात्र असायचं, लोकांशी लाडीगोडी करणारं, हसवणारं. हे त्याचेच वारस. प्रेक्षक कटात सामील. म्हणून शेवटी खलनायक पडतो तेव्हा सुटकेबरोबर थोडी चुटपुटही लागते.

पण या सामील होण्याला एक काळी बाजू आहे. १५९४ मध्ये राणीचा वैद्य रॉड्रिगो लोपेझ, जन्माने पोर्तुगीज ज्यू, याच्यावर राणीला विष द्यायच्या कटाचा आरोप ठेवून ७ जूनला त्याला फाशी दिलं. त्याच वर्षी हेन्स्लोच्या वहीत 'ज्यू ऑफ माल्टा' पुन्हा पुन्हा दिसतं. इंग्लंडमधून ज्यूंना १२९० मध्येच हाकललेलं होतं, प्रेक्षकांपैकी बहुतेकांनी आयुष्यात उघडपणे ज्यू म्हणून जगणारा माणूस पाहिलेला नव्हता. गल्ला मात्र फुगला. दोन-तीन वर्षांनी आलेल्या शायलॉकला, 'मर्चंट ऑफ व्हेनिस'मधल्या ज्यू सावकाराला, कोणत्या डोळ्यांनी पाहिलं गेलं असेल? 'आम्हाला टोचलं तर रक्त येत नाही का' हे भाषण ऐकून तेव्हाचा प्रेक्षक गप्प झाला की हुर्यो केली, यावर कितीही वाद घाला. मला वाटतं दोन्ही झालं असेल, एकाच अंगणात.

आणि राजकारण. ७ फेब्रुवारी १६०१ रोजी एसेक्सच्या अर्लची माणसं ग्लोबवर आली, राजाला पदच्युत केल्याचं 'दुसरा रिचर्ड' करा म्हणाली. नट म्हणाले नाटक जुनं झालंय, कुणी येणार नाही. तर वर ४० शिलिंग देऊन खेळ करवला. दुसऱ्या दिवशी बंड झालं आणि सपशेल फसलं. ऑगस्टिन फिलिप्स या नटाची जबानी घेतली गेली, मंडळी सुटली. २४ फेब्रुवारीला त्यांनी चक्क राणीसमोर दरबारात खेळ केला, २५ ला एसेक्सचं डोकं उडालं. राज्यत्यागाचा प्रवेश १५९७ च्या छापील प्रतीत नव्हता, १६०८ च्या प्रतीत आला, राणी गेल्यावर. नाटकाने बंड होत नाही, बरोबर. पण बंडखोरांनाही ते बघावंसं वाटलं आणि सरकारलाही त्याची चौकशी करावीशी वाटली. यापेक्षा गंभीर प्रेक्षक कुठल्या नाटककाराला मिळाला असेल?

—

थेम्सकाठी

लंडनमध्ये राहते. आताचं ग्लोब १९९७ ला उघडलं, मूळ जागेपासून जवळच. अंगणात सातशे माणसं उभी राहतात. बसायला बंदी, छत्री उघडायला बंदी, पाऊस आला तर भिजा. मी बसून आणि उभं राहून दोन्ही पाहिलंय. अंगणात प्रकाश तुमच्यावर आणि नटावर सारखाच पडतो. नट स्वगत म्हणताना अंधारात बघत नाही, कुणाच्या तरी डोळ्यांत बघून विचारतो. एकदा 'मी भित्रा आहे का?' हा हॅम्लेटचा प्रश्न माझ्या शेजारच्या मुलाकडे रोखून आला आणि त्याने मान हलवून 'नाही' म्हटलं! गॅलरीत बसून तुम्ही हे नुसतं बघता. शहाण्यांसाठी स्वगतं, पिटासाठी मारामारी हे लिहिणारा कधी अंगणात उभा राहिला नसावा.

आणि ते दाणे फोडण्याबद्दल. १९८९ मध्ये रोझ थिएटरचा पाया खणताना सापडला, तिथे हेझलनटच्या टरफलांचा थर मिळाला. झालं, 'प्रेक्षक नट्स खायचे' म्हणून गाजलं. नंतर असं मांडलं गेलं की ती टरफलं राखेत कालवून जमीन धोपटायला वापरलेली होती, जवळच्या साबणाच्या धंद्यातला टाकाऊ माल. खात असतीलही. पण त्या थराची साक्ष त्यासाठी चालत नाही.

—

तिसरी_घंटा

@थेम्सकाठी, टरफलांबद्दल लाख धन्यवाद. गाईडमधलं अजून एक वाक्य गेलं.

शंकासुर अंगणाचा आवाज मागत होते. तो नाही, पण गोंगाट कोण करायचं याबद्दल एक साक्ष आहे. थॉमस डेकर, १६०९. शहरातल्या छानछोकी तरुणांसाठी त्याने उपरोधिक मार्गदर्शिका लिहिली, त्यात नाट्यगृहात कसं वागावं यावर अख्खं प्रकरण. अंगणात उभं राहू नये, गॅलरीतही बसू नये. स्टूल घेऊन थेट रंगमंचावर बसावं, म्हणजे कपडे सगळ्यांना दिसतील. उशिरा यावं. सुरू व्हायच्या आधी पत्ते खेळावेत. शोकांतिकेच्या सगळ्यात करुण जागी मोठ्याने हसावं. आवडलं नाही तर मध्येच उठून, ओळखीच्यांना सलाम करत, तोंड वाकडं करून निघून जावं. हा माणूस कुठल्या वर्गातला? एक पेनीवाला नक्कीच नाही.

—

शंकासुर

डेकर स्वतः कर्जबाजारी, तुरुंगात जाऊन आलेला. श्रीमंतांवरचा त्याचा राग साक्ष म्हणून धरता, मग गॉसनचा राग का धरत नाही? तरीही हा दाखला चांगला आहे, घेतला.

त्याच्या जोडीला अजून एक. १६०७ च्या सुमारास फ्रान्सिस बोमाँटने 'द नाइट ऑफ द बर्निंग पेसल' लिहिलं. नाटक सुरू होतं न होतं तोच प्रेक्षकांतला एक किराणा दुकानदार रंगमंचावर चढतो. आमच्या व्यापाऱ्यांची टिंगल करणारी नाटकं पुरे झाली, आम्हाला किराणावाल्याची शौर्यगाथा पाहिजे! मागोमाग त्याची बायको नेल वर येते, आणि दुकानातला शिकाऊ पोरगा रेफ याला नायक करा म्हणून हट्ट धरते. मग नाटकभर ही दोघं स्टुलावर बसून नटांना सूचना देत राहतात. नेल पात्रांना औषधं सुचवते, भांडणात बाजू घेते, तरुण नायिकेची काळजी करते. प्रेमकथा कंटाळवाणी झाली की रेफला परत बोलावते.

अंगणातल्या बाईच्या सगळ्यात जवळ जाणारा आवाज हाच. अर्थात लिहिला पुरुषाने आणि केला पोराने.

आणि हे नाटक पडलं! छतबंद ब्लॅकफ्रायर्समध्ये, जिथे आत शिरायलाच सहा पेन्स लागायचे. १६१३ ला छापताना प्रकाशकाने लिहिलं की लोकांना त्यातला उपरोधच कळला नाही.

—

विंगेतून

म्हणजे सहा पेन्सवाल्यांना कळलं नाही. :)

नेल कुणी मराठीत केली तर मी रेफ करायला तयार आहे. वय आड येतंय, पण कपडे आहेत.

—

काव्यकणिका

सॉनेटांवर वेगळा धागा काढायचा विचार आहे. स्पेन्सरपासून सुरुवात करते, सिडनी नंतर. कुणाकडे 'अमोरेत्ती'तल्या कवितांचे मराठी अनुवाद असतील तर तिथे टाका.